सूर्यभानची छत्री

मैनाबाईचं लग्न झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि नवरा दहाचा. बाळापूरजवळच्या शेषराव कुणब्याची ती थोरली लेक. दिली होती निर्गुणेच्या काठी, देवठाण्याला, भगवंतराव पाटलांच्या घरी. चौदाव्या वर्षी ती सासरी नांदायला आली आणि वर्षभरातच नवरा एलिचपूरच्या छावणीत गेला.

सूर्यभानला फौजेची हौस नव्हती. हौस होती ती भगवंतरावांना. बंडाची धामधूम निवत आली होती, इंग्रज नवी भरती करत होते, आणि आपला मुलगा रिसाल्यात आहे असं चारचौघांत सांगावं असं पाटलांच्या फार मनात होतं. त्यांनी घोडी घेऊन दिली, ओळखीच्या जमादाराला गाठलं आणि पोराला उमेदवार म्हणून चिकटवलं. उमेदवार म्हणजे अजून पक्का स्वार नाही. घोड्यावरची कवायत शिकायची, तलवार चालवायला शिकायची आणि उरलेल्या वेळात पक्क्या स्वारांची पडेल ती कामं करायची.

दोनदा तो रजेवर आला. आला की मैनेला छावणीतल्या गमती सांगायचा. त्याच्याच बरोबरीने एक साहेबाचं पोरगं कवायत शिकत होतं. तेही उमेदवारच, नुकतंच विलायतेहून आलेलं, उन्हाने नाकाची सालं निघालेलं.

"तेबी घोड्यावरून पडते अन् मीबी पडतो," सूर्यभान सांगायचा. "त्याले त्याचा साहेब शिव्या देते, मले जमादार देते. मंग आमी दोघं एकमेकाकडं पाहून हासतो."

मैना तोंडावर पदर धरून हसायची. नवऱ्याची तिला जी काही ओळख झाली ती एवढीच. ओठावर मिसरूड फुटायची होती, आणि ती कधी फुटते याची तो रोज आरशात चौकशी करायचा.

१८५९ साली उन्हाळ्याच्या तोंडी पातूरच्या घाटात रोहिल्यांच्या एका टोळीशी त्याच्या तुकडीची गाठ पडली. आठव्या दिवशी दिलावरखान नावाचा स्वार सूर्यभानचा फेटा घेऊन देवठाण्याला आला. ओसरीवर पुरुषांसमोर तो एवढंच म्हणाला, "पाटीलसाब, लडका बहादुर था." भगवंतरावांनी फेटा मांडीवर घेतला आणि दिवस कलेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

सासूने, पार्वताबाईने, मात्र खानाला मागच्या दारी बोलावून घेतलं. मैना दाराआड उभी होती.

"खानसायेब, मले खरं सांगा. माह्या लेकराले लय तरास झाला काय?"

खानाने जमिनीकडे पाहत सगळं सांगितलं. लढाई अशी सुरूच झाली नव्हती. दुपारचा पडाव होता. सूर्यभान पखाल भरायला खाली नाल्यावर उतरला आणि झाडीतून गोळी आली, ती त्याच्या पोटात बसली. साहेबाचं ते पोरगं त्याला उचलायला धावलं, तेही तिथंच पडलं. सूर्यभान घटकाभर जिवंत होता.

"काही बोलला?" पार्वताबाईने विचारलं.

"पानी माँगा, माँजी. मैंने पिलाया. फिर आपको पुकारा."

तलवार म्यानातून बाहेरसुद्धा आली नव्हती. पार्वताबाईने हे नवऱ्याला सांगितलं नाही. ओसरीवर दर महिन्याला सूर्यभानच्या हातून मेलेल्या रोहिल्यांची संख्या वाढत होती. ती सांगताना भगवंतरावांचा आवाज चढायचा, आणि तेवढ्यापुरते ते जिवंत वाटायचे. पार्वताबाई आत चुलीपाशी गप्प राहायची, आणि तिचं पाहून मैनाही.

दुसरं वर्षश्राद्ध झाल्यावर शेषराव लेकीला न्यायला आले. कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचं दुसरं लग्न होतं. त्यात लपवण्यासारखं कुणालाच काही वाटत नसे.

"इवाईबुवा, पोरगी अठराची झाली," शेषराव म्हणाले. "आमच्याकडं एक चांगला मानूस हाय. बायको गेली त्याची. पाट लावून द्याव म्हनतो."

"लावा ना," भगवंतराव म्हणाले. "मी काहून आडवू? तिनं इथं बसून काय कराव? येवढा कापूस निघू द्या, मंग मीच लुगडं-चोळी करून गाडीत बसवून देतो."

शेषराव निश्चिंत मनाने परत गेले. मैनेने आपली दोन लुगडी घडी करून ठेवली.

कापूस निघाला. पण त्या सालापासून कापसाची गोष्टच पालटली. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा माल अडला आणि मुंबईचे दलाल वऱ्हाडात शिरले. कधी ज्वारीशिवाय काही न पेरणाऱ्यांनी घराच्या परसात कपाशी लावली. भगवंतराव स्वतः गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात गेले आणि तिथून, कुणाला न सांगता, तसेच एलिचपूरला गेले.

छावणीच्या टोकाला साहेबलोकांचं कबरस्तान होतं. तिथं एक नवा पांढरा दगड त्यांना दिसला. छावणीतल्या एका मुनशीने तो वाचून दाखवला. साहेबाच्या त्या पोराचं नाव, वय अठरा, पातूरच्या घाटात लढाईत पडला, आणि खाली त्याच्या देवाचे दोन शब्द.

"अन् आमच्या पोराचा दगड कुठी हाय?" भगवंतरावांनी विचारलं.

मुनशी म्हणाला, तसा काही नाही. नाव दफ्तरात असेल.

भगवंतराव घरी आले ते गंभीर होऊनच. "परमुलखातल्या पोट्ट्याचं नाव आपल्या मातीत दगडावर राह्यते," ते पार्वताबाईला म्हणाले, "अन् आपला सूर्यभान कुठंच नाही." त्या दिवशी त्यांनी मुलाच्या नावाने दगडी छत्री बांधायचं ठरवलं. बापाच्या मनातलं हे दुःख खरं होतं. पुढे जे झालं ते पाहताना हे विसरून चालणार नाही.

त्याच सुमाराला सूर्यभानच्या धाकट्या बहिणीसाठी, सुभद्रेसाठी, शेजारच्या गावच्या खुशालराव देशमुखांचं स्थळ चालून आलं. एरवी देशमुखांनी साध्या पाटलाच्या दारात पाऊल टाकलं नसतं. कापसाने ते टाकायला लावलं. मात्र बैठकीत खुशालराव सहज बोलल्यासारखे बोलले, "पाटील, ज्या घरात पाट लागते त्या घरची पोर आमी करत नाही. तुमची सून मायेराले चालली म्हंतात?"

"कोन म्हंते?" भगवंतराव पटकन म्हणाले. "ती कुठी नाही जात."

आत जात्यापाशी बसलेल्या मैनेने ते ऐकलं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हतं.

पातूरहून गोंडाजी पाथरवट आला. नदीच्या वाटेवर ओटा बांधला गेला, चार नक्षीदार खांब उभे राहिले, वर घुमट आला. आत उभ्या दगडावर घोडा, घोड्यावर तलवार उगारलेला वीर, टापांखाली रोहिले आणि माथ्यावर चंद्रसूर्य. पार्वताबाई बघायला गेली. दगडातल्या वीराला गालापर्यंत मिशा होत्या. तिने त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि मैनेला हळूच म्हणाली, "हा कोन हाय वो? हा आपला सूर्यभान नाही."

काम पुरं होत आलं तेव्हा खुशालराव पाहायला आले. त्यांच्या घराण्यातल्या जुन्या दगडांवर वीराशेजारी सतीचा हात कोरलेला असे, कोपरात वाकलेला, मनगटभर बांगड्या. "हात असता तं दगडाले शोभा आली असती," ते म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी मैनेला छत्रीपाशी बोलावून घेतलं.

गोंडाजी कावेची वाटी घेऊन बसला होता. "बाई, हात दगडावर ठेवा. माप घेतो." तिने हात ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता. गोंडाजीने बोटांभोवती तांबडी रेघ ओढायला घेतली आणि अर्ध्यात थांबला.

"पाटील, ह्या कोन?"

"सून माही."

"जिचा हात कोरायचा तीच?" त्याने वाटी खाली ठेवली. "मी तीस वर्स झाली छिन्नी चालवून राहिलो. जित्या मानसाचा हात नाही कोरला कधी."

"तिचा जीव त्याच्यासंगच गेला," भगवंतराव म्हणाले. "आंग तेवढं मागं राह्यलं. तू कोर."

मैना तिथंच उभी होती. मी जिवंत आहे असं म्हणावं असं तिला वाटलं, पण सासऱ्यासमोर ती कधी बोललेली नव्हती, आणि हे वाक्य कसं सुरू करायचं तेही तिला कळेना. गोंडाजीने रेघ पुरी केली. काम संपल्यावर जाताना तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "माफ करजा, बाई."

सुभद्रेचं लग्न झालं, देशमुखांच्या घरी तिची पाठवणी झाली. छत्रीची पूजा झाली. आणि मग लोक यायला लागले. अकोल्याकडे कापूस नेणाऱ्या गाड्या त्याच वाटेने जायच्या. एका गाडीवानाने दगडातल्या हाताला नारळ फोडला आणि त्याला बाजारात चढा भाव मिळाला. पुढच्या आठवड्यात दहा गाड्या थांबल्या. बायका दगडाच्या हातापुढे हिरव्या बांगड्या ठेवायच्या आणि मग घरी येऊन मैनेच्या पायावर डोकं टेकवायच्या. तिच्या स्वतःच्या मनगटात काहीच नव्हतं.

हळूहळू नेम ठरत गेले. ते कुणी एकाने ठरवले नाहीत. सतीने वावरात जाऊ नये, कापूस वेचू नये, नदीवर धुणं नेऊ नये. सतीने मोठ्याने हसू नये. सतीने गावाची शीव ओलांडू नये, नाहीतर गावातली लक्ष्मी तिच्यामागं जाईल. दर अमावास्येला आणि सोमवारी तिने छत्रीत बसावं. मैना बसायची. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत पायांना माणसांचे हात लागत राहायचे, आणि ती समोरच्या वाटेकडे पाहत राहायची. त्या वाटेवरून सगळं जग अकोल्याला जात होतं.

शेजारची शकुन तिच्याच वयाची. पूर्वी दोघी कापूस वेचायला एका ओळीत असायच्या. एकदा शकुन ओटीत फुलं घेऊन पाया पडायला आली तेव्हा मैनेने तिचा हात धरला.

"थांब ना जराशी. कोन्या वावरात वेचनी चालू हाय?"

शकुनने नजर वर केली नाही. "माय, तुमचा आशीर्वाद असू द्या."

"मले 'तुमी' काहून म्हनून राहिली, शकुन? मी मैना हाय ना."

शकुनचे डोळे भरले, पण मागे रांग उभी होती. ती हात सोडवून घेऊन निघून गेली.

शेषराव पुन्हा आले ते दोन वर्षांनी. लेक छत्रीत हारात बसलेली पाहून जुन्या माणसाचं अंग आपोआप नमस्काराला वाकलं, आणि मग लाजून ते अर्ध्यातच सरळ झाले. मैनेने ते पाहिलं.

"बा, मले घेऊन चाल."

"कशी नेऊ, पोरी? वाटेत लोकायनं गाडी अडवली तं मी एकला काय करू? अन् नेलं तरी पाट लावाले कोन उभं राहीन? लोकं सतीले भेतात." ते तिच्याजवळ खूप वेळ बसले. उठताना म्हणाले, "खाऊन-पिऊन राह्यते ना?" तिने मान डोलावली.

१८६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. अमरावतीत गंज्यांवर गंज्या पडून राहिल्या, दलाल मुंबईला पळाले. देवठाण्याला अमेरिका कुठं आहे ते कुणाला ठाऊक होतं? सती मात्र समोर होती. तिचं काही चुकलं असणार, किंवा तिच्या सेवेत आपलं काही चुकलं असणार. खुशालरावांनी तोडगा काढला. सतीने सात दिवस अन्नपाणी सोडून छत्रीत बसावं, म्हणजे कोप उतरेल. वैशाख चालू होता. वाऱ्याच्या झळा अशा की गुरं सावलीतून हलत नव्हती.

भगवंतराव आधी म्हणाले, "सात दिवस लय होतात." लोक त्यांच्याकडे पाहत राहिले. ज्याने दगड उभा केला तोच मागे सरतो की काय, असं ते पाहणं होतं. मग ते म्हणाले, "ठीक हाय."

छत्रीच्या चारी बाजूंना कनात लावली. पार्वताबाई रोज सकाळी दगडाला आंघोळ घालायच्या निमित्ताने तांब्या घेऊन आत जायची आणि आधी सुनेला पाजायची. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी संशय आला. आत पुरुषांनीच जायचं, असं ठरलं.

चौथ्या दिवशी दुपारी मैनेची जीभ टाळूला चिकटली होती. बाहेर भजन चालू होतं. तिने सगळा जीव एकवटून हाक मारली, "पानी."

भजन थांबलं. "सती बोलली!" कुणीतरी ओरडलं. "पानी मांगून राहिली!" क्षणात धावाधाव झाली, नदीवरून घागरी आल्या, कनात दूर झाली. आणि लोकांनी भक्तिभावाने घागरीमागून घागर दगडाच्या हातावर ओतायला सुरुवात केली. मैना दोन हात टेकून ओणवी झाली होती. पाणी तिच्या पुढ्यातून ओट्यावरून वाहत खाली मातीत जात होतं. तिने तोंड खाली नेलं, पण कुणीतरी तिला आदराने धरून पुन्हा सरळ बसवलं.

गर्दीच्या मागे पार्वताबाई उभी होती. ती कशी पुढे आली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. तिने एका बाईच्या हातची घागर ओढून घेतली, मैनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळीने तिच्या तोंडात पाणी घालायला लागली.

"काय करून राहिली तू?" भगवंतराव ओरडले. "नेम मोडून राहिली!"

"माहा लेक पानी मांगत मेला," पार्वताबाई म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "लढाईत नाही मेला. पखाल भरतानी पोटात गोळी लागली त्याले. तलवार म्यानातच होती. खान सांगून गेला मले, मागच्या दारी. आता हे दुसरं लेकरू माह्यासमोर पानी मांगून राहिलं, अन् तुमी दगडाले पाजून राहिले?"

"पाटलीनबाईचं डोस्कं फिरलं," खुशालराव म्हणाले.

भगवंतराव बायकोकडे पाहत होते. "तुले ठाव होतं?"

"हाव."

"अन् सा वर्सं बोलली नाही?"

"तुमाले सोसलं नसतं."

भगवंतराव छत्रीच्या पायरीवर खाली बसले. गर्दीत काही बायका अजून हात जोडूनच होत्या. शकुन तेवढी पुढे आली आणि मैनेच्या दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून तिने तिला उभं केलं. दोघींनी तिला घरापर्यंत नेलं. लोकांनी वाट दिली. सतीला अडवायची कुणाची हिंमत नव्हती, आणि ही सती नसेल तर कशासाठी अडवायचं तेही कुणाला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, तिला उठून बसता आल्यावर, भगवंतराव अंगणातून गड्याला म्हणाले, "गाडी जुंप. बाळापूरले जायचं." ते स्वतः गेले नाहीत. पार्वताबाई गेली, सुनेला बापाच्या हवाली करून परत आली.

पण मैनेची सुटका इतक्यात व्हायची नव्हती. आठवड्याभरात शेषरावांच्या दारात नारळ घेऊन माणसं उभी राहिली. देवठाण्याच्या सतीला माहेरची ओढ लागली, एवढाच अर्थ लोकांनी घेतला होता. पाटासाठी दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडची माणसं पाहायला आली ती हात जोडूनच परत गेली. दोन वर्षं ती आतल्या खोलीत बसून राहिली. दारात पावलं वाजली की ती पाय लुगड्यात ओढून घ्यायची.

शेवटी तिची मावशी आशाबाई अकोल्याहून आली. अकोल्यात आगगाडी येऊन फार दिवस झाले नव्हते. भाव पडले तरी कापूस यायचा थांबला नव्हता, आणि गोदामात कापसातला कचरा निवडायला शंभर बाया लागत. "तिथं कोनी कोनाले ओळखत नाही," आशाबाई म्हणाली. "चाल माह्यासंग."

पहिल्या दिवशी मुकादम मैनेवर खेकसला, "हात चालव ना, बसून काय राहिली?" आशाबाईला वाटलं ही आता रडणार. मैना खाली मान घालून भराभर कापूस निवडत होती आणि मधेच तोंडावर पदर धरून हसत होती.

गोदामात सोनाजी नावाचा गाडीवान कापसाच्या गासड्या आणायचा. तीन वर्षांच्या ओळखीनंतर त्याने आशाबाईकडे पाटाची गोष्ट काढली. मैनेने त्याला आधी सगळं सांगून टाकलं.

"मले लोकं सती म्हनत."

सोनाजीने थोडा विचार केला. "आता तं नाही ना म्हनत?"

"अकोल्यात नाही."

"मंग झालं."

देवठाण्याला मैना पुन्हा कधी गेली नाही. सोनाजीची गाडी त्या वाटेने निघाली की ती घरी थांबायची. भगवंतराव वारल्याचा निरोप आला तेव्हाही तिने सुतकाची आंघोळ अकोल्यातच केली. एकदा त्या शिवेत पाऊल पडलं की लोक पुन्हा बाहेर येऊ देणार नाहीत, ही भीती तिच्या मनातून म्हातारपणापर्यंत गेली नाही. नवऱ्याने समजावलं तरी उपयोग नव्हता. छत्रीपाशी पुढे जत्रा भरायला लागली होती.

भगवंतराव गेल्यावर पाटीलकी पुतण्याकडे गेली आणि पार्वताबाई एक गाठोडं घेऊन अकोल्याला मैनेकडे आली. तेव्हा मैनेची धाकटी मुलगी पाळण्यात होती. आली ती महिनाभरासाठी, राहिली अकरा वर्षं. शेजारपाजारचे त्यांना मायलेकी समजायचे. भाजीत तिखट किती घालायचं यावरून दोघींची रोज भांडणं व्हायची, आणि सोनाजी आपलं ताट घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन जेवायचा.